सरकतं गाव

आमच्या ह्यांना एका कोल्ह्यापायी ओकारी झाली, हे मी शाळेच्या स्वयंपाकघरात सांगितलं तेव्हा बरोबरच्या बायका हसून बेजार झाल्या. आता मलाही हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं.

ह्यांचं नाव मित्सुगु नारुमी. उभी हयात ह्यांनी ओतारूच्या, आमच्या ह्या समुद्रकाठच्या डोंगराळ शहराच्या, चढउतारांवर बस चालवली. बर्फाने गुळगुळीत झालेल्या उतारावरून भरलेली बस खाली आणायची आणि मागच्या बाकावरच्या म्हातारीच्या मांडीवरचं टोफूचं भांडं हिंदकळू द्यायचं नाही, असा हात. हे मी कौतुकाने सांगत नाही. हे स्वतःच सांगायचे, दर नव्या वर्षाच्या जेवणाला.

मग दीड वर्षापूर्वी एका सकाळी डेपोत, बसच्या पायरीवर पाय ठेवायच्या आतच जमीन गरकन फिरली आणि हे तिथेच खाली बसले. डावा कान गेला होता. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारी नस असते, तिला सूज आलीय. सूज पुढे उतरली, पण नस पहिल्यासारखी झाली नाही. पटकन मान वळवली की भिंती जरा उशिरा मागून येतात, असं हे सांगायचे. त्या कानाने बस चालवणं शक्यच नव्हतं. कंपनीने टेबलावरचं काम देऊ केलं, ते ह्यांनी नाकारलं.

"दुसऱ्यांच्या बस सुटताना बघत बसू का?" म्हणाले.

डॉक्टरांचं सांगणं साधं होतं. रोज चाला, चालताना मान डावीउजवीकडे फिरवा, थोडी चक्कर आली तर येऊ द्या, मेंदू हळूहळू शिकतो. हे डॉक्टरांसमोर नंदीबैलासारखी मान हलवायचे आणि घरी येऊन खोली उबवणाऱ्या रॉकेलच्या स्टोव्हजवळ बसायचे. ओळखीच्यांना सांगून ठेवलं होतं की गुडघा धरलाय. गुडघा ठणठणीत होता. बस चालवणाऱ्याला चक्कर येते हे सांगायची ह्यांना लाज वाटत होती. मीही मग गुडघाच पुढे केला. कोणी विचारलं की मी म्हणायचे, ह्यांचा थंडीत फार दुखतो हो.

टीव्हीवर फक्त शोगीचे, त्या बुद्धिबळासारख्या खेळाचे, डाव बघायचे. "दोन माणसं बसलेली असतात आणि अर्ध्या तासाने एक लाकडाचा तुकडा पुढे सरकतो. ह्याच्याइतकं सोयीचं काही नाही," म्हणायचे.

आमची कानाए दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला आहे. दिवसभर मेणात दाढा कोरते. तिशी उलटली, लग्न केलेलं नाही, आमच्याजवळच राहते. गेल्या शरदात तिने रविवारचा एक वर्ग लावला. खालच्या बाजारपेठेतल्या समाजकेंद्रात नवशिक्यांना संगणकावरचे खेळ बनवायला शिकवत होते.

"गेम बनवणार? तू?" मी विचारलं.

"का? दाढा बनवते तर गेम नाही येणार?"

"दाढेचा काहीतरी उपयोग असतो."

"आई, दिवसभर दुसऱ्यांचे जबडे बघते गं मी. रविवारी तरी काहीतरी वेगळं बघू दे."

तिचा खेळ असा होता: एक कोल्हा डोंगरातल्या गावात घरोघर दुधाच्या बाटल्या पोचवतो. बस, एवढंच. शत्रू नाही, तलवार नाही. गाव मात्र मोठं होतं. ते तिने छोट्या छोट्या चौकोनांचं रचलं होतं, बाथरूमच्या फरशीसारखं. गवताचा एक चौकोन, रस्त्याचा एक, बर्फाचा, पाण्याचा, छपराच्या कोपऱ्याचा. मोजकीच चित्रं, पण तीच तीच पुन्हा मांडून सबंध गाव उभं राहिलं होतं. अडचण अशी, की गाव होतं केवढं आणि लॅपटॉपचा पडदा केवढासा. सगळं गाव एकदम मावत नाही. मग पडदा म्हणजे खिडकी समजायची, आणि कोल्हा जाईल तसा खिडकीमागचा नकाशा सरकवायचा. कोल्हा मधेच राहतो, गाव मागे जातं. हे तिने मला लोणच्याच्या बरणीखाली वर्तमानपत्र सरकवून दाखवलं तेव्हा कळलं.

खेळून बघायला तिला कोणीतरी हवं होतं. मी दोनदा बसले आणि दोन्हीदा कोल्हा नदीत घातला. मग तिने बाबांसमोर लॅपटॉप ठेवला.

"मला नको असलं काही," हे म्हणाले.

"फक्त चार बटणं आहेत बाबा. वर, खाली, डावं, उजवं."

"आणि ब्रेक?"

"बोट उचललं की थांबतो."

ह्यांनी बोट ठेवलं. त्या वेळी नकाशा एकेका चौकोनाने सरकत होता. बटण दाबलं की सगळं गाव एका फरशीएवढं टपकन पुढे यायचं आणि स्थिर व्हायचं. शोगीच्या सोंगटीसारखंच ते. ह्यांना काही त्रास झाला नाही. कोल्ह्याने सगळं दूध पोचवलं, आणि मग ह्यांनी तक्रारींचा पाढा वाचला. रस्ता अरुंद आहे, इथे गाडी वळणार कशी. शाळेसमोर थांबा नाही. गावाच्या पूर्वेला गेलं की अर्धा पडदा काळा होतो, तिथे जमीन संपली म्हणून कठडा तरी घाल.

कानाए सगळं ऐकून घेत होती. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने सांगितलं, की आता काळं दिसणार नाही. गावाच्या कडेला पोचलं की खिडकी थांबते आणि कोल्हा एकटा कडेपर्यंत चालत जातो.

"म्हणजे शेवटच्या थांब्यापुढे बस जात नाही, पुढे पायी," हे म्हणाले.

"तसंच."

"मग बरोबर आहे."

त्या हिवाळ्यात असे दिवस चालले. हे सकाळी उठून तिला काहीतरी सांगायचे, ती संध्याकाळी येऊन दुरुस्त करायची. घरात शोगीशिवाय दुसरा विषय आला म्हणून मी खूश होते. हेरिंग माशाचं लोणचं पानात कमी वाढलं तरी ह्यांच्या लक्षात येईना.

फेब्रुवारीत कानाए वर्गातून नवीन विद्या घेऊन आली. टपटप सरकणारा नकाशा जुनाट दिसतो, गाव कसं लोण्यासारखं घसरत गेलं पाहिजे. दोन आठवडे खपून तिने ते केलं. शनिवारी दुपारी बाबांना बसवलं आणि मागे उभी राहिली. मलाही बोलावलं. गाव खरंच छान सरकत होतं. झाडं, छपरं, विहीर, सगळं हळूच येत होतं आणि हळूच जात होतं.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

कोल्हा पुलापर्यंत गेला, वळला, परत आला. मला ह्यांच्या मानेचा रंग दिसला, कागदासारखा. मग हे उठले, दाराची चौकट धरली, आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत जे व्हायचं ते झालं.

मी जमीन पुसत होते आणि बोलत होते. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. बापाला माहीत असून असं करतेस, तुझ्या त्या कोल्ह्यापायी माणसाला पुन्हा अंथरुणावर टाकणार आहेस, डॉक्टरकडे तू जा घेऊन, असं बरंच. कानाए भिंतीला टेकून उभी होती. आतून हे म्हणाले, "तिला नको बोलू. ती चालवत नव्हती, मी चालवत होतो."

सोमवारपर्यंत तिने सरकणंच काढून टाकलं. आता गावाचे तुकडे केले होते. कोल्हा पडद्याच्या कडेला पोचला की पान उलटावं तसा पुढचा तुकडा यायचा. नजरेसमोर काहीच हलत नव्हतं. सकाळी तिने लॅपटॉप ह्यांच्यापुढे ठेवला आणि कामाला निघून गेली.

संध्याकाळी हे म्हणाले, "हे चांगलं नाही."

"का? त्रास झाला?"

"त्रास नाही झाला. पण एका थांब्यावर डोळे मिटायचे आणि दुसऱ्या थांब्यावर उघडायचे, ह्याला जाणं म्हणतात का? मधला रस्ता कुठे गेला?"

"बाबा, मधल्या रस्त्याने तुम्हाला ओकारी होते."

"माझा कान बिघडलाय. ज्यांचा धड आहे त्यांना का शिक्षा? तू ते सरकणारंच ठेव."

"नाही ठेवणार," कानाए म्हणाली. बापाचीच मुलगी ती. "तुम्ही खेळू शकत नाही असला खेळ मला बनवायचा नाही."

मी मध्ये पडले नाही, कारण मला कुणाची बाजू घ्यावी ते समजेना.

पुढच्या आठवड्यात वादळ झालं. शाळांना सुट्टी दिली म्हणून आम्हाला स्वयंपाकघरातून लवकर सोडलं. मी घरी आले तर हे लॅपटॉपसमोर. शेजारी प्लॅस्टिकचं घमेलं आणि ओला टॉवेल. पडद्यावर गाव घसरत होतं. कानाएने जुनी आवृत्ती पुसून टाकली नव्हती, वेगळी ठेवली होती, ती ह्यांनी शोधून काढली होती. घमेल्याकडे बघून मला समजलं की आज पहिलाच दिवस नव्हे.

"अहो, हे काय चाललंय?"

"विहिरीपर्यंत जातो आता," हे म्हणाले. "आधी पुलापर्यंतच जात होतो."

"आणि मग?"

"मग होते ओकारी. थोडा पडतो, बरं वाटतं."

मी स्टोव्हजवळ बसले. कोटावरचा बर्फ वितळून चटईवर पडत होता, त्याचंही भान नव्हतं. "कशासाठी पण? डॉक्टर चाला म्हणतात तर चालत नाही. मान फिरवा म्हणतात तर फिरवत नाही. आणि इथे घमेलं घेऊन बसता?"

ह्यांनी बटणावरचं बोट उचललं. गाव थांबलं. "बाहेर चाललो आणि पडलो तर सगळी गल्ली बघणार. इथे कोल्हा चालतो. मला मळमळतं, तेवढंच." मग म्हणाले, "अगं, नुसतं बसूनही मळमळतंच. त्यापेक्षा कुठेतरी जाताना मळमळलेलं बरं."

मी घमेलं धुऊन आणलं आणि पुन्हा शेजारी ठेवलं.

कानाएला मी सांगितलंच. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिने जेवण बाजूला सारून लॅपटॉप उघडला. तिला वाटलं वेग जास्त असेल. वेग कमी केला. ह्यांना उलट लवकर मळमळलं. हे म्हणाले, दोष गवताचा आहे, हिरवा रंग डोळ्यांत जातो. तिने गवत फिकट केलं, मग पिवळसर केलं, मग सगळ्या गावावर बर्फ घातला. काही फरक नाही. हे म्हणाले, मग नदीचा असेल. नदीने काही केलं नव्हतं. तिने बिचारीने नदीही गोठवून पाहिली.

शेवटी एका रविवारी तिने फोन पडद्यासमोर धरून खेळाचं चित्रण केलं आणि ते अगदी संथ करून बघितलं. मी भाजी चिरत होते. तिने हाक मारली.

"आई, हे बघ. कोल्ह्याचे पाय बघ."

मी चष्मा लावला. संथ चित्रात कोल्हा चालत होता आणि चालता चालता थरथरत होता. एक बारीकसा ठिपकाभर मागे, ठिपकाभर पुढे. त्याच्या खालची जमीनही तशीच, आणि दोघांचं थरथरणं एकत्र नव्हतं. चौकोनांच्या फटींमध्ये केसाएवढी रेघ उमटत होती आणि मिटत होती. नेहमीच्या वेगात ह्यातलं काही दिसत नव्हतं.

"थंडी वाजतेय त्याला?" मी विचारलं.

"हिशेब चुकलाय माझा," ती म्हणाली. तिने मला समजावून सांगितलं. पडदा बारीक ठिपक्यांचा असतो, आणि अर्धा ठिपका नसतो. कोल्हा साडेतीन ठिपक्यांवर असला तर संगणक त्याला तीनवर नाहीतर चारवर बसवतो. जमिनीचंही तसंच. तिने दोघांना आपापलं बसू दिलं होतं, त्यामुळे एक तीनवर बसला की दुसरा चारवर. आधी खिडकी कुठे आहे ते पूर्ण ठिपक्यात ठरवायचं आणि मग बाकी सगळं त्या खिडकीपासून मोजायचं, असं तिने केलं. त्या संध्याकाळी वर्गातल्या मास्तरांना फोन केला, तर ते म्हणाले, सगळ्यांची हीच चूक होते. मग आधी का सांगितलं नाहीत, असं तिने त्यांना विचारलं नाही. मी विचारलं असतं.

आणखी एक गोष्ट तिने आपल्या मनाने केली. पडद्याच्या मधोमध एक न दिसणारी चौकट ठेवली. कोल्हा त्या चौकटीत इकडेतिकडे फिरला तर गाव जागचं हलत नाही. चौकटीच्या कडेला लागून पुढे जायला लागला, तरच सरकतं. दारात बाटली ठेवायला दोन पावलं मागेपुढे केली की सगळं गाव डोलायचं, ते थांबलं.

ह्यांनी खेळून पाहिलं. घमेलं शेजारी होतंच. कोल्हा पूल ओलांडून गेला, विहिरीवरून गेला, देवळाच्या पायऱ्या चढला. मी ह्यांच्या मानेकडे बघत होते आणि कानाए माझ्याकडे. वरच्या आळीतल्या शेवटच्या घरी बाटली ठेवून हे मागे टेकले.

"डोकं जड झालंय," म्हणाले. "पण पोटात आहे ते पोटातच आहे."

कानाए हसली. खूप दिवसांनी तिला तसं हसताना बघितलं.

मला वाटलं, आता हा माणूस बरा होणार. मार्चच्या तपासणीला मी डॉक्टरांना मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "डोळ्यांना थोडी सवय होत असेल, वाईट नाही. पण बाई, पडद्यासमोर माणूस बसलेला असतो. तोल पायांनी शिकायचा असतो. नारुमीसान, बाहेर पडा."

बाहेर आल्यावर हे फणफणले. "ह्या माणसाला कौतुक म्हणून करता येत नाही."

"चुकीचं काय बोलले?"

"चुकीचं बोलले असं कुठे म्हटलं मी?"

घरी आल्यावर ह्यांनी कानाएला एवढंच सांगितलं, की ते पान उलटणारंही ठेव. सुरुवातीलाच लोकांना विचार, सरकणारं हवं की उलटणारं. सगळ्यांचे कान सारखे नसतात. तिने ठेवलं.

एप्रिलमध्ये वर्ग संपला. सगळ्यांचे खेळ बाजारपेठेतल्या एका रिकाम्या दुकानात दिवसभर मांडणार होते. कानाए सकाळीच गेली. मी टॅक्सी बोलावणार होते, तर हे बूट घालून दारात उभे.

"बसने जाऊ," म्हणाले.

"अहो, उतार आहे सगळा. पाच वळणं."

"मला सांगतेस?"

बर्फ वितळला होता, रस्त्याच्या कडेला काळे ढिगारे तेवढे उरले होते. बस आली आणि दार उघडलं तर चालकाच्या जागी तोगाशी. ह्यांच्या हाताखाली शिकलेला, ह्यांच्यापेक्षा बराच लहान. ह्यांना बघून त्याचा चेहरा उजळला.

"नारुमीदादा, किती दिवसांनी. गुडघा कसा आहे?"

"चाललाय," हे म्हणाले आणि पुढच्याच बाकावर बसले. मी शेजारी बसले.

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणाला ह्यांनी माझं मनगट धरलं. तिसऱ्या वळणानंतर मान पुन्हा कागदासारखी झाली, आणि ह्यांनी हात वर करून घंटीचं बटण दाबलं. बस थांब्यावर थांबली. तोगाशीने वळून पाहिलं.

"दादा, बाजार पुढे आहे अजून."

"इथेच उतरतो."

"गुडघ्याला उतार झेपणार नाही हो. बसा, अगदी दारात सोडतो."

हे खांबाला धरून उभे होते. बसमध्ये सात-आठ माणसं असतील, त्यातली निम्मी ओळखीची. "गुडघा नाही रे," हे म्हणाले. "गुडघा चांगला आहे. कान गेलाय माझा. तोल जातो, चक्कर येते. दीड वर्षं झाली."

तोगाशी म्हणाला, "मग सांगायचं नाही का? मी वळणं आणखी हळू घेतली असती."

"वळणं तू नीटच घेतलीस. आता मला उतरू दे, नाहीतर बस धुवायला लागेल."

मागून एक म्हातारी म्हणाली, "उतरू दे रे त्यांना, गप्पा काय मारतोस." तोगाशीने दार उघडलं.

आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. हे डोळे मिटून खोल श्वास घेत होते. ओकारी झाली नाही. मी टॅक्सीला फोन करायला लागले, तर ह्यांनी हातानेच नको म्हटलं. थोड्या वेळाने उठले आणि कठडा धरून उतरायला लागले. पावलं लहान, कडेकडेने, नव्याने चालायला शिकलेल्या पोरासारखी. मी बाही धरली.

"बाही सोड. तू घसरलीस तर दोघं जाऊ."

मी बाही सोडली आणि एक पाऊल मागे राहिले. मध्येच थांबून हे मुद्दाम मान डावीकडे वळवायचे, समुद्राकडे, मग उजवीकडे, डोंगराकडे. चेहरा असा करायचे जणू कडू औषध पितायत. पण वळवायचे. शेजारून गाड्या वर जात होत्या. ज्या वाटेला एरवी पाऊण तासही लागू नये, तिच्यात आम्ही सबंध दुपार घालवली.

पोचलो तेव्हा प्रदर्शनात गर्दी कमी झाली होती. आयोजकांनी उत्साहाने प्रत्येक खेळाला मोठा टीव्ही जोडला होता. कानाएच्या टेबलापुढे हिरवा कोट घातलेली एक बाई उभी होती, आणि तेवढ्या मोठ्या पडद्यावर गाव सरकताना बघून तिने कपाळाला हात लावला होता. कानाए गडबडून गेली होती. "माफ करा, थांबवते, लगेच थांबवते," म्हणत होती आणि तिला बटण सापडत नव्हतं.

हे पुढे झाले, कोटाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि बाईपुढे धरली.

"लागली तर असू द्या," म्हणाले. "मला तर ह्या खेळापायी कितीदा ओकाऱ्या झाल्या."

"बाबा," कानाए दबक्या आवाजात म्हणाली.

"खरं तेच सांगतोय. माझ्या मुलीने बनवलाय तो," ह्यांनी बाईला सांगितलं. "खुर्चीवर बसा. दुसरा प्रकार निवडा, पान उलटणारा. त्याने काही होत नाही. मजा थोडी कमी आहे."

बाई आधी चमकली, मग हसली, आणि खरंच बसली. तिने पान उलटणारा निवडला. पिशवी मांडीवर ठेवून तिने अर्ध्या गावाला दूध पोचवलं आणि जाताना पिशवी घडी करून ह्यांना परत दिली. तिला कोल्ह्याचं शेपूट आवडलं, असं म्हणाली. गावाबद्दल काही बोलली नाही. कानाएला त्याचं जरा वाईट वाटलं, कारण शेपटावर तिने एकच संध्याकाळ घालवली होती.

प्रदर्शनात बक्षिसं वगैरे नव्हती. सामान आवरून झाल्यावर आम्ही तिघांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलात घट्ट रश्शाच्या नूडल्स खाल्ल्या. हे पोटभर जेवले. चढ चढून घरी जायचा विषय निघाला तेव्हा निमूट टॅक्सीत बसले आणि सगळा रस्ता डोळे मिटून होते.

तेव्हापासून हे रोज दुपारी खाली उतरतात. बाजारापर्यंत नाही, दुसऱ्या थांब्यापर्यंत आणि परत. कधी तिथल्या बाकावर बराच वेळ बसावं लागतं. कान काही परत येणार नाही, डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलंय. बसमधून तीन वळणांच्या पुढे अजून जाववत नाही. पण आता गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कठडा धरून उभे राहिले तर कोणी धावत येत नाही. थोडं थांबतात आणि पुढे जातात.

मे महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी तोगाशी घरी आला, वाळवलेला स्क्विड घेऊन. आधी दोघं अवघडून बसले होते. मग ह्यांनी लॅपटॉप उघडला आणि त्याच्यापुढे ठेवला. तोगाशीने कोल्ह्याला सुसाट पळवलं, वळणावर थेट नदीत घातलं, आणि पुन्हा घातलं.

"असाच चालवतोस का रे?" हे म्हणाले. "मघाच्या वळणाच्या आधी बोट उचलायला हवं होतं."

"दादा, हा कोल्हा आहे हो. बस नाही."

"दूध सांडलं ना पण?"

कानाए मागे उभी होती. नदीच्या काठाला कठडा घालायला हवा, असं म्हणाली. "घाल," हे म्हणाले, "ह्याच्यासारख्यांसाठी घालच." आणि तोगाशीच्या हातून लॅपटॉप काढून आपल्याकडे ओढून घेतला.